दोन जिवांचा विसावा

नेवाशाला जाणारा माणूस बहुधा एकाच ओढीने जातो. प्रवरेच्या काठच्या ज्या खांबाशी बसून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, तो खांब डोळ्यांनी पाहावा, त्यावर क्षणभर डोके टेकावे, एवढीच त्याची इच्छा असते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० ची ती गोष्ट. पुढे मोहिनीराजाच्या देवळात जाऊन, सभामंडपाचे कोरीव काम न्याहाळून मंडळी परतीच्या गाडीला लागतात. ज्या गावी हा ग्रंथ सांगितला गेला, तिथल्या सांगणाऱ्या पुरुषाला आपण महाराष्ट्रीय ‘माउली’ म्हणतो. थोरवी सांगायची झाली की आपल्याला आईपेक्षा मोठा शब्द सापडत नाही, हे आपले भूषण खरेच.

पण नेवाशात आणखी एक जागा आहे, आणि तिच्याकडे भाविकांची पावले क्वचितच वळतात. प्रवरेकाठचे लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड ते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली तेथे कुदळ लावली, आणि थरामागून थर उलगडत गेला. मुसलमानी अमदानीची खापरे निघाली, त्याखाली सातवाहनांची आणि रोमशी चाललेल्या व्यापाराची चिन्हे निघाली. आणि सर्वांत खाली, तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनी लागल्या. तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या, शेती करणाऱ्या साध्या माणसांची ती घरे. त्या घरांच्या जमिनींखाली मडकी सापडली. दोन दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि त्यांत लहानग्यांची हाडे. एकदोन नव्हेत, पुष्कळ. एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या तांब्याने तिचा दोराही इतकी वर्षे जपून ठेवला होता. कापूस आणि रेशीम यांचा तो दोरा.

गावाबाहेर न नेता घराच्या जमिनीखालीच लेकराला ठेवणारी ती आई कोण होती, तिचे नाव काय, ती काय बोलत असे, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मुले कशाने गेली हेही हाडे सांगत नाहीत. रोगराई असेल, उपासमार असेल, अवघड बाळंतपणे असतील. एवढे मात्र खरे, की शेतकऱ्याच्या घरी पोटात मूल आहे म्हणून खुरपे आणि पाण्याची घागर बाजूला ठेवण्याची चैन सगळ्याच बायकांना तेव्हा परवडली नसणार. आजही परवडत नाही. म्हणून त्या मडक्यांपाशी उभे राहिले की एक प्रश्न मनात येतो: दोन जिवांच्या बाईने किती राबावे, किती बसावे आणि कोणाच्या भरवशावर बसावे, याचा विचार आपल्या समाजाने केव्हा व कसा केला? राजांच्या लढायांचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. या विसाव्याचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. दिवाळीच्या निवांत दुपारी तो वाचकांपुढे मांडावा असे मनात आले.

शास्त्रकारांनी हा विचार केला होता. चरकाने गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. असे पात्र नेताना ते डचमळू नये म्हणून आपण जसे जपून पाऊल टाकतो, तसे तिला जपावे, असा त्याचा सांगावा. तिने उकिडवे बसू नये, ओबडधोबड किंवा कठीण आसनावर बसू नये, अंगाबाहेरचे श्रम करू नयेत, असे तो बजावतो. परंतु गंमत अशी, की सदा झोपून राहणाऱ्या गर्भिणीलाही त्याने मोकळे सोडलेले नाही. तिचे मूल सुस्त आणि मंद अग्नीचे निपजते, असे तो म्हणतो. हे कार्यकारण आज कोणी मानणार नाही. पण अतिश्रम वाईट तसे नुसते पडून राहणेही वाईट, हे त्या जुन्या वैद्याला दिसले होते, याची नोंद घ्यायला हवी. पुढे आपल्याला या दोन टोकांशी पुन्हा गाठ घालायची आहे.

हे जुने ग्रंथ चाळून आपला प्रबंध लिहिणारी एक मराठी मुलगी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. हा विषय तिने का निवडला असेल, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि दहा दिवसांतच तो गेला होता. डॉक्टर होऊन ती परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने तीही गेली. पुरी बावीस वर्षेही तिला मिळाली नाहीत.

शास्त्र काही म्हणो, घराघरांतील रीत आजीच्या हाती होती. त्या रीतीत शहाणपण होते. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायचे, हा तर आमचा अलिखित कायदाच. सासरच्या घरात जी सून पहाटे जात्यावर बसे आणि रात्री सगळ्यांची पाने उचलून मगच जेवे, तिला रजा देण्याचा एकच सभ्य मार्ग समाजाने शोधून काढला होता, तो म्हणजे तिला गावाबाहेर काढणे! मग डोहाळजेवण यायचे. फुलांच्या वाड्या भरायच्या, हिरवा चुडा आणि हिरवी साडी लेवून झोपाळ्यावर बसायचे, बायकांनी ओटी भरायची. वर्षभर जिला कोणी ‘बैस गं घटकाभर’ म्हटले नाही, तिला एक दिवस झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायची, हा विरोधाभास त्या गाण्यांच्या गोडव्यात कोणाच्या ध्यानी येत नसे. बाळंतपणानंतर मात्र सव्वा महिना पक्का. शेकशेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि अंधारी खोली. त्या खोलीला वारा-उजेड कमी आणि जुन्या समजुतींची गर्दी जास्त, हे खरे. पण चाळीस दिवस तिच्याकडे कोणी काम मागत नसे, हेही तितकेच खरे.

तथापि हा विसावा सर्वांच्या वाट्याचा नव्हता. ज्यांच्या माहेरी पोटापुरते होते त्यांचा तो. मोलमजुरी करणाऱ्या घरी लेक बाळंतपणाला आली म्हणजे आणखी एक तोंड आले. आपल्याकडे एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते: अमकीची आजी म्हणे शेतात कापणी करता करता बाळंत झाली, विळ्याने नाळ कापली आणि संध्याकाळी पदरात पोर घेऊन चालत घरी आली. ऐकणारे माना डोलावतात, ‘तेव्हाची माणसेच वेगळी!’ माझ्याही लहानपणी ही गोष्ट मी ऐकली आहे आणि मीही मान डोलावली आहे. पुढे कधीतरी उमगले, की ही गोष्ट नेहमी जगलेल्या बायका नि त्यांची जगलेली मुलेच सांगतात. ज्या बांधावरच राहिल्या त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरले नाही. आणि असेही वाटून गेले, की या कौतुकात आपली थोडी सोयही आहे. तिच्या काटकपणाची तारीफ केली, की तिला विसावा देण्याची जबाबदारी आपल्यावरून उतरते.

घराच्या आणि शेताच्या बाहेर हा प्रश्न प्रथम उघड्यावर आला तो गिरणीच्या भोंग्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे लोटली, आणि पुरुषांबरोबर बायकाही आल्या. वायंडिंग आणि रीळिंगच्या खात्यांत त्यांची भरती असे, त्यांच्यावर नायकीण. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली भरवलेल्या गिरणी कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, असा दाखला आहे. त्या चळवळीने रविवारची सुट्टी मिळवली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. अकरा तास! आणि ही सवलत म्हणून. त्या कायद्यात पोटुशी बाई नावाचा प्राणीच नव्हता. साच्याला काय ठाऊक, समोर एक जीव उभा आहे की दोन?

युरोपात या गोष्टीला एव्हाना तोंड फुटले होते. स्वित्झर्लंडने १८७७ साली गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आगेमागे मिळून आठ आठवडे कामावर घ्यायला बंदी केली. जर्मनीने पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतरचे तीन आठवडे बंदी घातली. पण नुसती बंदी म्हणजे पगाराविना घरी बसणे. नेमक्या खर्चाच्या वेळी चूल थंड. तेव्हा रजा आणि पैसा यांची सांगड घातल्याशिवाय हा विसावा खरा नव्हे, हे जगाला कळायला आणखी वेळ लागला. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली आणि तिने ठराव केला, की बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे बाईला रजा असावी, त्या काळात तिच्या व मुलाच्या पोटापुरते तिला मिळावे, आणि कामावर परतल्यावर अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मोकळीक असावी.

या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने गेलेला प्रतिनिधी मराठी होता. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे हे सभासद. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग त्यांनीच १९११ साली काढली होती. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत काय चालते हे त्यांनी अहवालात वाचलेले नव्हते, पायांनी चालून पाहिलेले होते. हिंदुस्थान सरकारने मात्र ठराव लगेच पत्करला नाही. इकडच्या परिस्थितीचा आधी अभ्यास करू, असे ठरले.

त्या अभ्यासातून मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली, आणि १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते चित्र असे. बायका अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत कामावर जात. कारण एक तर रजेचा पगार नाही. दुसरे, जागा गेली तर परत मिळवण्यासाठी हात ओले करावे लागत. काही थोड्या गिरण्या आपण होऊन बाळंतपणाचा भत्ता देऊ लागल्या होत्या, पण त्या थोड्याच. आणि मूल झाल्यावर? त्याला अफूची गोळी देऊन खोलीत निजवायचे आणि आईने भोंग्याला धावायचे. ‘बाळगोळी’ असे त्या अफूचे लाडके नाव होते. ही गोळी देणारी आई निर्दय नव्हती, हे इथे सांगायलाच हवे. रडणारे मूल घरी एकटे ठेवायचे की निजलेले, एवढीच निवड जगाने तिच्यापुढे ठेवली होती.

जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. ते फेटाळले गेले. सरकार म्हणाले, अशी मागणी कोठे आहे? मालक म्हणाले, आमच्या बायका बाळंतपणाला गावीच जातात, त्यांना याची गरज नाही. गरीब माणसाची सवय ही त्याची आवड समजायची, ही युक्ती जुनीच आहे.

दिल्लीत हरलेली गोष्ट मुंबईत जिंकली गेली. मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांनी असेच बिल आणले, आणि २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला काही काळ विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. ते राष्ट्राचे हित असेल तर त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, हेही त्यांनी मान्य केले. पण मालकाला त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कारण मालक बायकांना कामावर घेतो तो काही उपकार म्हणून नव्हे, त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. ज्याने फायदा घेतला त्याने भारही थोडा उचलावा. किती सरळ हिशेब! दयेची भाषा त्यांनी वापरली नाही. ‘बिचारी’ हा शब्द आला की हक्काची भीक होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभाचा कायदा झाला. हिंदुस्थानात असा हा पहिलाच. दिवसाला आठ आणे या दराने काही आठवड्यांचा भत्ता, एवढीच त्याची मजल होती. दुसऱ्या वर्षी मध्य प्रांतानेही तसा कायदा केला, म्हणजे नागपूर-वऱ्हाडच्या गिरणीतल्या बायकांनाही आठ आण्यांचा आसरा मिळाला. आठ आणे म्हणजे काय ते आजच्या वाचकाला सांगून उमजणार नाही. पण कामावर न जाता, घरी भिंतीला टेकून बसले असताना, ते आठ आणे कायद्याने हातावर येतात, ही गोष्ट त्या चाळींच्या आयुष्यात नवी होती. माहेर नसलेल्या बाईला सरकारने दिलेले ते लहानसे माहेरच म्हणायचे.

कायदा आला की पळवाटही त्याच्या मागून चोरपावलांनी येते. बाईचे पोट दिसू लागताच तिला कामावरून काढले तर भत्ता कशाचा? तसे घडू लागले, आणि १९३४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. दुसरी पळवाट मात्र कोणत्याच कायद्याला बुजवता आली नाही, ती म्हणजे बायकांना मुळातच कामावर न घेणे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक बाई असे. पुढच्या दशकांत ते प्रमाण घसरत घसरत नगण्य झाले. नवी यंत्रे, रात्रपाळीतून बायकांना वगळणे, अशी कारणेही त्यात होती. पण भत्त्याचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला की मालक बाईच टाळतो, हा धडाही त्यात होता. भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे १९२८ चे वाक्य आठवावे ते येथे.

पुढे आंबेडकर मजूर खात्याचे सभासद झाले तेव्हा खाणींतल्या बायकांसाठी असलेल्या कायद्यात १९४३ पासून सुधारणा झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने भत्त्याचा भार विम्याच्या निधीवर टाकला. आणि १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ अधिनियम झाला: बारा आठवड्यांची पगारी रजा, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर घ्यायला सक्त मनाई. त्या कायद्यात एक छोटे कलम होते. गरोदरपणामुळे, बाळंतपणामुळे किंवा गर्भपातामुळे आजारपण आले, तर आणखी एक महिन्याची पगारी रजा. हे कलम मला फार मोलाचे वाटते. बाळंतपणाची रजा ठरलेल्या मुहूर्तावर मिळते. पण पाचव्या महिन्यात पाय सुजतात, रक्तदाब चढतो, उलट्यांनी बाई अर्धी होते, ते काही मुहूर्त पाहून होत नाही. ‘गरोदरपण म्हणजे काय आजार आहे?’ असे ऐकवणाऱ्या वरिष्ठांना त्या कलमाने शांतपणे उत्तर दिले: आजार नव्हे, पण त्यातून आजार येऊ शकतो, आणि आला तर तिला घरी जाऊ द्या. आठव्या महिन्याच्या सुमारास तिला जड काम देऊ नये, तासन् तास उभे करू नये, असेही तो कायदा सांगत होता. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात निकाल दिला, की रोजंदारीवर रस्त्याची कामे करणाऱ्या बायकांनाही हा लाभ मिळाला पाहिजे. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

आठ आण्यांपासून सव्वीस आठवड्यांपर्यंत! वाचकांना वाटेल, गोष्ट सुखान्त झाली. पण थांबा. चरकाने सांगितलेली ती दोन टोके अजून आपली वाट पाहत आहेत.

पहिले टोक शहरातले. ज्या विसाव्यासाठी जोशी आणि आंबेडकर झगडले, तो उभे राहून राबणाऱ्या बाईचा होता. आज शहरात लाखो मुली खुर्चीवर बसून काम करतात. सकाळी गाडीत बसायचे, दिवसभर संगणकापुढे बसायचे, संध्याकाळी पुन्हा गाडीत, रात्री दूरदर्शनपुढे. त्यात दिवस गेले की घरातली वडीलधारी मंडळी म्हणणार, ‘आता उठू नकोस हो, बसल्या जागी मागत जा.’ जात्यावर बसून दोन पायल्या दळणाऱ्या बाईला ‘बैस’ म्हणणे ही माया होती; आठ तास बसलेलीला तेच म्हणणे ही सवय आहे. डॉक्टरही पूर्वी सर्रास अंथरुणावर पडून राहायला सांगत. पडून राहिल्याने अकाली बाळंतपण टळते, अशी समजूत होती. अभ्यासाअंती ती सरसकट खरी ठरली नाही; उलट पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे दुबळी होतात, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की प्रकृतीची आडकाठी नसेल तर गर्भवतीने आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी चालण्यासारखी मध्यम हालचाल करावी आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा. कोणाला खरोखरच विश्रांती लागते ते तिच्या डॉक्टरने ठरवायचे. शेजारच्या काकूंनी नव्हे. सून संध्याकाळी फेरफटका मारायला निघाली तर तिला अडवू नका. मात्र ‘हिंडायला होते, मग घरकामाला काय झाले?’ असेही म्हणू नका. फिरणे वेगळे आणि राबणे वेगळे.

दुसरे टोक पाहायला पुन्हा नेवाशाला यावे लागते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत बराचसा कोरडवाहू असलेला हा तालुका आता उसाचा आहे. मुळेचे पाणी आले, सोनईला नि भेंड्याला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सहकारी साखर कारखान्यांचा पाळणाच मुळी याच जिल्ह्यात, प्रवरानगरला हलला. तो जिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्याला हजेरीपट आहे, पगार आहे, रजा आहे. पण ऊस फाटकाच्या आत उगवत नाही. तो तोडायला बीडच्या आष्टी-पाटोद्याकडून, आपल्याच पाथर्डीकडून माणसे येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि हंगामभर टनावर ती फेडायची. बाई ऊस तोडते, साळते, मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरावीच लागते. दुखले-खुपले म्हणून एक दिवस घरी राहिले तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड अर्ध्या कोयत्याला नव्हे, जोडीला. कोपीत बाळंत झालेली बाई काही दिवसांत पुन्हा फडात दिसते, ती काटक आहे म्हणून नव्हे. उचल फिटायची आहे म्हणून.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीला आले, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेरा हजारांहून अधिक बायकांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे तिच्या पाहणीत आढळले. दर महिन्याच्या त्रासाने खाडे होतात, तेव्हा पिशवीच काढून टाकावी, असा हिशेब त्यामागच्या कारणांत होता. गिरणीने पोटुशी बाई नको म्हटले होते. उसाच्या फडाने तिच्या शरीराकडूनच तसे वदवून घेतले. पुढे ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान सहा हजार रुपये कबूल केले आहेत, आणि केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार मिळतात. नाही म्हणायला ही सुरुवात आहे. पण सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आणि एका खाड्याचा दंड, ही दोन्ही एकाच राज्यात, एकाच वर्षी, दोन आयांच्या वाट्याला येतात. कायदा फाटकापर्यंत येऊन थांबला आहे. शंभर वर्षांपूर्वी ‘अशी मागणी कोठे आहे?’ असे विचारले गेले होते. आज कोणी विचारीत नाही एवढाच काय तो फरक.

आणि हंगाम केव्हा सुरू होतो म्हणाल? तुम्ही हा अंक हाती घ्याल त्याच सुमारास. आपल्या घरी चकल्या-करंज्यांचे डबे भरत असताना, त्यांतली साखर तोडणारी माणसे बिऱ्हाड, कोंबड्या आणि पोरे गाडीत घालून फडाच्या वाटेला लागलेली असतात. त्यांतल्या काही गाड्यांत दोन जिवांची बाई असते. डोहाळजेवण तिचे झालेले नसते, आणि माहेरही तिच्याबरोबर त्याच गाडीत, दुसऱ्या कोयत्यावर असते.

नेवाशाला जाल तेव्हा खांबाचे दर्शन अवश्य घ्या. जमल्यास लाडमोडच्या टेकाडाकडेही पावले वळवा. तांब्याच्या मण्यांची माळ लेकराच्या गळ्यात घालणाऱ्या त्या आईला आपण आता काही देऊ शकत नाही. पण परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला कोप्या दिसतील, त्यांतून धूर निघत असेल. तिथे जी बसलेली नाही, तिला ‘बैस गं घटकाभर’ एवढे म्हणायला आपल्या समाजाला तीन हजार वर्षे पुरली नाहीत. ते म्हणायचे, आणि ती बसली असता तिची चूल पेटती राहील याची तजवीज करायची, हे काम अजून शिल्लक आहे. ‘माउली’ हा शब्द फुकाचा नसेल, तर ते आपलेच आहे.